शेंड्याची साखर, बुडख्याची साखर

क्षमा,

उपाशीपोटी सांगलीला तपासणीला निघालोय. तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. तुझी शिवणाची टेप खिडकीत आहे. कंबर मोजली, आकडा विचारू नकोस.

डॉक्टर म्हणाले, मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. आत जाईन की मागे फिरेन, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून आज उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज प्यायल्यावरची साखर, रक्तातली चरबी आणि कंबर, सगळं एकत्र बघणार आहेत. मला गंमत वाटली. साखर कारखान्यात आम्हीही ऊसतोडीला परवानगी द्यायच्या आधी उसाच्या शेंड्याची आणि बुडख्याची साखर वेगवेगळी मोजतो, तेव्हा कुठे ऊस पिकत आलाय की उतरणीला लागलाय ते कळतं. आपल्या थोरल्या अण्णांची साखर अशी वेळेत मोजली असती, तर मधुमेहात गेलेला त्यांचा पाय वाचला असता का, हेही विचारणार आहे.

आणखी एक. दिवाळीपासून माझ्या चहातली साखर तू थोडी थोडी कमी करत आणलीस. दिवसभर साखर तपासणाऱ्या माणसाला ते कळणार नाही, असं वाटलं तुला? प्रयोग चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, म्हणून गप्प राहिलो.

निकाल काहीही लागो, संध्याकाळचा चहा तसाच कर.

सुमंत