माल पाठवायचा राहिला आहे

४ ऑक्टोबर २००४, सकाळ
आजपासून दुकानाचे सगळे ई-मेल मी लिहिणार. मालक गफ्फारभाई स्वतः म्हणाले, मुखरूभाऊ, तुमी पोस्टासमोर बसून साऱ्या गडचिरोलीचे पत्रं लिवले, आता हे बी तुमीच पाहा. त्यांची मुलगी निशात बी.कॉम. आहे, पण तिचे मेल म्हणजे तार. 'माल निघाला. गुरुवारी मिळेल.' अशानं दुकानाची काय इज्जत राहणार? पुण्याच्या बाईंची बांबूच्या आकाशकंदिलांची ऑर्डर आहे, दुकानाची आजवरची सगळ्यात मोठी. ती नीट पार पडली की चंद्रपूरच्या नव्या दुकानात मी मॅनेजर.
संकल्प: पुण्याला पुण्याच्याच मराठीत लिहायचं.

७ ऑक्टोबर
इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणं, तेही एका बोटानं. मायना पूर्ण होईपर्यंत दोनदा लाइन कटली. बीएसएनएलला साहित्याची कदर नाही.
संध्याकाळी बाईंचं उत्तर. 'मागच्या वर्षीच्या कंदिलांचे फोटो पाठवायचे राहिले आहेत, क्षमस्व.' काय भाषा! आपण अडाण्यासारखं 'पाठवून राह्यलो' म्हणतो, त्याचं शुद्ध रूप हे. पाठच करून टाकलं. घरी बायकोला विचारलं, चहा करायचा राहिला का? ती म्हणे, दिसत नाई का, करूनच तं राह्यली. तिला शुद्ध मराठी लगेच कळली.

१२ ऑक्टोबर
फोटो आले नाहीत. बाई तर पाठवून राह्यल्या होत्या. पुण्याच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हे माझंच चुकलं. तरी आपण सभ्यता सोडायची नाही.

१८ ऑक्टोबर, दुपार
रोजे सुरू. दुकानात चहा बंद, माझी प्रतिभा अर्ध्यावर आली आहे. सकाळपासून कंदील ट्रकमध्ये चढताहेत. रुखमाबाई आणि तिच्या घरच्यांनी महिनाभर बोटं सोलून केलेला माल.
बाईंचा मेल. माल निघाला की नाही ते आजच एका ओळीत कळवा, नाहीतर आम्हाला इथूनच दुसरे घ्यावे लागतील. एका ओळीत! अपमान गिळला आणि दीड तास बसून लिहिलं. आधी शरद ऋतू, मग आमचं जंगल, मग बांबूचा महिमा. शेवटी मुद्दा, त्यांच्याच भाषेत: 'आपला माल आजच्या ट्रकने पाठवायचा राहिला आहे.'
निशात मागून म्हणे, काका, 'माल निघाला' येवढंच लिवा नं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोरीचा जळफळाट होणारच.

२५ ऑक्टोबर
दगा. सरळ सरळ दगा.
ट्रक पोचला, बाईंनी माल उतरवूनच घेतला नाही. फोनवर गफ्फारभाईंना म्हणाल्या, तुमच्याच माणसानं राहिला म्हणून कळवलं, मग आम्ही दुसरीकडून घेतले. म्हणजे स्वतःचंच वाक्य त्यांना कळत नाही. पुण्यात मराठीची ही अवस्था असेल असं वाटलं नव्हतं.
निशातनं माझा मेल बापाला वाचून दाखवला. रोजा असल्यानं भाई ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. रुखमाबाई दारात बसून होती, तिच्याकडे मला पाहवलं नाही. पण दोष पुण्याचा. मेल पुन्हा निशातकडे. चंद्रपूरचं नावही कुणी काढलं नाही. ज्यांच्यासाठी एवढं लिहिलं, त्यांनीच वाऱ्यावर सोडलं.

२७ ऑक्टोबर
राजीनामा दिला. तोही ई-मेलनं, बाहेरच्या सायबर कॅफेतून. माझी निष्ठा, जगाचा कृतघ्नपणा, सगळं सविस्तर. शेवट शुद्ध भाषेत: 'आपली नोकरी सोडायची राहिली आहे.' आता पळत येतील माझ्यामागे. लगेच मानायचं नाही.

२९ ऑक्टोबर
काल दिवसभर दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. मेल पोचला नसेल म्हणून आज स्वतःच दुकानात गेलो. पोचला होता. निशात खाली मान घालून बिलं लावत होती, तिचे खांदे हलत होते. भाई शांतपणे म्हणाले, मुखरूभाऊ, नोकरी सोडाची राह्यली नं? मंग राहू द्या. पुण्याचा ट्रक वापस आला, माल उतरवाचा हाय.
तेव्हापासून कंदील उतरवून राह्यलो.