तुम्ही न पाहिलेली तार

अण्णा, रविवारी जयपुरात, खातीपुऱ्याला, धाकटीच्या गच्चीवर आम्ही सगळे जेवायला जमलो होतो, आणि तुम्ही एकदा एक तार पाहिली होती, असं तिथं पुन्हा ठरलं. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. ती तार तुम्ही पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. आज जिवंत असलेल्यांत हे फक्त मला ठाऊक आहे, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना मी म्हणाले, "आधी जेवून घ्या. भात गार होतोय."

जानेवारीतलं इथलं ऊन तुम्हाला आवडायचं. अजून तसंच पडतं. अंगावर पांघरल्यासारखं वाटतं, शेजारी बसलेल्याचा आवाजही लांबून आल्यासारखा येतो. आभाळात पतंग होते, पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी "वो काटा!" म्हणून ओरडत होतं. धाकटीने गोळाभात केला होता, आई करायची तसाच, वरून फोडणीचं तेल घालून. आणि बोलणं नेहमीच्या जागी येऊन पोहोचलं होतं. आपल्या देशाचा नेता नक्की कुणाच्या सांगण्यावरून वागतो?

"बाहेरून कुणीतरी चावी दिल्याशिवाय असा एकाएकी निर्णय होत नाही," तुमचे धाकटे जावई म्हणाले. फौज सोडून एवढी वर्षं झाली, तरी त्यांचं प्रत्येक वाक्य हुकमासारखं येतं.

"चावी आहेच," त्यांचा मुलगा म्हणाला. "पण बाबा, तुम्ही म्हणता त्या देशाची नाही. बरोबर उलट्या दिशेची."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

दोघांनी आपापले फोन काढले आणि एकमेकांच्या नाकासमोर धरले. चष्म्याशिवाय दोघांनाही वाचता येत नव्हतं. मी विचारलं, "ती चावी आपल्यापैकी कुणी पाहिली आहे का?"

"अहो ताई," जावई म्हणाले, "असं विचारायला लागलात तर जेवताना बोलायचं काय?"

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा धाकटी तेलाची वाटी हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हसू नका. तेव्हाही हेच होतं. आमच्या अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी तार पाहिली होती. परदेशातून आलेली, वरच्यांनी काय करायचं ते सांगणारी. बोलले नाहीत कधी. पण पाहिली होती, म्हणून तर त्यांना तार ऑफिसातल्या यंत्रावरून उठवलं."

तिची नात आता कॉलेजात आहे. मराठी बोलते, पण अनवाणी चालल्यासारखी, जपून. ती एकदम सरसावून बसली. "सच में, आजी? मतलब, पणजोबा साक्षीदार होते?" मग माझ्याकडे वळून फोन पुढे केला. "मोठी आजी, तुम्ही तर तेव्हा मोठ्या होत्या ना? एकदा फक्त 'हो' बोला, मी रेकॉर्ड करते. शनिवारी डिबेट आहे, हाच विषय आहे. घरचा पुरावा दुसऱ्या कुणाकडेच नसणार."

मी भाताकडे बोट दाखवलं. अख्खी नोकरी वर्गात मुलींना राज्यशास्त्र शिकवलं, उत्तर टाळणारीला उभी करायचे. मला उभं करणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून मी बसून राहिले.

तेव्हापासून तुमचं तार ऑफिस डोळ्यांसमोर आहे. एकदा डबा द्यायला आले होते, तेव्हा पाहिलेलं. लांब टेबल, त्यावरचं ते पितळी यंत्र, आणि आवाज मोठा व्हावा म्हणून त्याच्यामागे ठेवलेला पत्र्याचा रिकामा डबा. तुम्ही मान किंचित कलती करून ऐकता आहात, हातातली जांभळी पेन्सिल जिभेला लावून लिहिता आहात. मी दारात उभी आहे हे तुम्हाला दिसत नाही, पण माझी चप्पल वाजते आणि तुम्ही न बघता डावा हात वर करता. थांब. जगभरातून काहीतरी येतं आहे आणि ते तुमच्या कानातून कागदावर उतरतं आहे, असं मला वाटलं होतं. आलं असेल कुणाच्या तरी बाळंतपणाचं, जवळच्या चौमूं गावाला.

घरी तुम्ही त्यातलं अक्षरही बोलत नव्हता. नोकरीला लागताना सही केली होती, हाताखालून गेलेला शब्द ओठावर यायचा नाही. आज काय झालं, म्हणून आम्ही विचारायचो. "कट्ट झालं. मग कट-कट झालं." जेवताना तुमचं डाव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर चालू असायचं. आई म्हणायची, "ताट वाजवू नका, घरात दारिद्र्य येतं." "मी कुठे वाजवतोय? मुंबई वाजवतेय." रेडिओवर बातम्या लागायच्या, आमच्यावर कोणत्याही परदेशाचा दबाव नाही असं वरून सांगितलं जायचं, आणि आई फणकारायची, "म्हणणारच!" तुम्ही म्हणायचा, "दबाव असता तरी हेच म्हणावं लागलं असतं, आणि नसता तरी हेच. मग यावरून काय कळलं?" मला त्या वयात हे फार मिळमिळीत वाटायचं. बापाने एक बाजू घ्यावी, असं वाटायचं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा वादविवाद असायचा. त्या वर्षी विषय होता, देशाचे नेतृत्व परक्यांच्या ओंजळीने पाणी पिते. मी एकोणीस वर्षांची, अनुकूल बाजूने. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता, पांढऱ्या सदऱ्यात. मी छान बोलत होते. मग विमा कंपनीतल्या साहेबांचा मुलगा उठला आणि म्हणाला, "पुरावा काय? हा वादविवाद आहे बाई, हरतालिकेची कहाणी नाही." सगळं सभागृह हसलं. बायका जास्त हसल्या. कानशिलं तापली माझी. हसू थांबेपर्यंत मी थांबले आणि अगदी सावकाश म्हणाले, "पुरावा मला विचारू नका. ज्या घरातल्या माणसाच्या हाताखालून असे शब्द रोज जातात, त्या घरात मी राहते."

एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यावर सभागृहात जी टाळी पडली ती मला अजून ऐकू येते. तार मी लिहिलीच नाही, अण्णा. ती लोकांनी आपापल्या घरी जाऊन लिहिली. कुठल्या देशातून आली, कुणाच्या नावावर, त्यात काय हुकूम होता, सगळं. दिल्लीला यायची तार जयपूरवरून कशाला जाईल, असा प्रश्न कुणालाही पडला नाही.

बनी पार्कातल्या घरापर्यंत आपण चालत आलो. पहिल्या बक्षिसाचा कप माझ्या हातात होता. स्टेशनाकडून एक इंजिन मागेपुढे करत असल्याचा आवाज येत होता, निंबोणीच्या झाडांखाली धूळ होती. तुम्ही चपलेतला खडा झटकलात. मग विचारलंत, "ते घर कोणतं गं?"

"कोणतं?"

"तू राहतेस ते. शब्द जातात ते. मीही तिथंच राहतो का?"

"बोलण्याच्या ओघात म्हणाले, अण्णा."

"हं," तुम्ही म्हणालात. "ओघ चांगला होता."

याहून जास्त तुम्ही मला कधी रागावला नाहीत.

काही दिवसांनी तुम्हाला तार ऑफिसातल्या साहेबांनी बोलावलं. लेखी खुलासा मागितला. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच कळलं, की तुम्हाला यंत्रावरून उठवून खिडकीवर बसवलं, लोकांचे फॉर्म घ्यायला. घरी सांगितलंत, "कान थकले आता. चुकत होतं." मला जांभळी पेन्सिल दिलीत. "मला लागत नाही. तू लिही." मी ती बक्षीस म्हणून घेतली. आणि त्या दिवसापासून ताट वाजलं नाही. आई दोन-तीनदा तुमच्या हाताकडे बघायची, मग वाढायला लागायची.

मग आम्ही तुमच्याशी मोठ्याने बोलायला लागलो. मी आणि धाकटी. "अण्णा, चहा!" "एवढ्या मोठ्यानं नको, शेजारी येतील प्यायला." वर्षानुवर्षं ओरडलो. तुम्ही मान कलती करायचा आणि पुन्हा विचारायचा, काय म्हणालीस? आई मात्र कधी आवाज चढवायची नाही. मला वाटायचं, हट्टी आहे, नवऱ्याचा कमीपणा मान्य करत नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचा आणि तिथूनच म्हणायचा, "दूध बघा." आणि दूध खरंच वर येत असायचं. एवढं समोर असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तुमच्या खुलाशाची कार्बन कॉपी सापडली. चार ओळी. त्या कार्यक्रमाला मी हजर होतो. माझी मुलगी काय बोलली ते मला नीट ऐकू आले नाही. गेले काही महिने मला कमी ऐकू येते. खाली सही.

मुलगी खोटं बोलली असं लिहिलं असतं, तर त्यांनी मला बोलावलं असतं. काळ संशयाचा होता, पोरीच्या नावाचा कागद कुठल्या तरी फायलीत गेला असता. खरं बोलली असं तर लिहिता येत नव्हतं. मी काही सांगितलं नाही, एवढंच लिहिलं असतं तर ते कुणी मानलं असतं? न बोलल्याचा दाखला कुठून आणणार? तेव्हा तुम्ही तिसरंच लिहिलंत. तार ऑफिसातल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की मला ऐकू येत नाही.

नेते धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणत नाही. बाहेरचे हात असतात, असू शकतात, विचारलं पाहिजे, मोठ्याने विचारलं पाहिजे. मुलींना मी तेच शिकवलं. पण विचारणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं. मी फक्त दाराकडे बघितलं, आणि लोकांना वाटलं आत कुणीतरी आहे. आत तुम्ही होता.

मला एक स्वप्न पडतं. ट्रंक उघडण्याच्याही आधीपासून पडतं. तुम्ही त्या लांब टेबलाशी बसला आहात, डब्यातून आवाज येतो आहे, ऊन आहे, आणि तुम्ही जांभळ्या अक्षरात लिहिता आहात. मी वाकून बघते, तर तुमचा डावा तळहात कागदावर असतो. मी म्हणते, अण्णा, हात काढा. तुम्ही ऐकू न आल्यासारखं करता.

आज सकाळी धाकटीच्या नातीला फोन केला. सगळं सांगितलं, तुमच्या चार ओळींसकट. ती म्हणाली, "मतलब, तार नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि पणजोबांचे कान?"

"तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले होते."

"मग मी शनिवारी काय बोलू?"

"बाजू हवी ती घे. स्वतः पाहिलंस, वाचलंस, तेवढंच बोल."

"मोठी आजी, मग दोन मिनिटंपण नाही होणार!"

"पुष्कळ झाली," मी म्हणाले. मग तिने घाबरत विचारलं, मोठी आजी, हे तुमचं सांगितलं तर चालेल का? नाव न घेता? मी म्हटलं, नाव घेऊन सांग. माझं.

तासाभराने धाकटीचा फोन आला. मला वाटलं भांडेल. ती रडत होती. "ताई, त्यांच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा मी त्यांच्या कानाशी ओरडत होते गं," म्हणाली. आणि मग, "आता काय सांगायचं मी लोकांना?" तिने जवळजवळ साठ वर्षं जपलेला एक बाप होता, सगळं पाहून गप्प राहिलेला. तो मी काढून घेतला. त्या जागी दिला आहे तो तिला हळूहळू आवडेल. मला आवडायला वेळ लागला.

हे पत्र तुम्हाला फार लांब वाटेल, निम्मे शब्द तुम्ही पेन्सिलीने उडवले असते. पोस्टात टाकायचं तर नाहीच. घडी घालून त्या कपात ठेवते, पेन्सिलीचं थोटूक आहे त्यात.

एक राहिलं. रविवारी पोरीने विचारलं तेव्हा मी भाताकडे बोट दाखवलं, ते लाजेनं, असं मी तिला आज सांगितलं. ते खरं नाही. तेवढा वेळ मीही, ती तार खरंच आली होती असं धरून, तिच्यात काय लिहिलेलं होतं ते आठवत होते.