आमच्या गल्लीत नको

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. लढ्याची नोंद राहायला हवी. नगरपरिषद आमच्या केल्सो स्ट्रीटवर केंद्र काढतेय. नशेबाजांनी यायचं, नर्ससमोर बसून सुई टोचायची आणि कुणी गचकायला लागला तर तिनं वाचवायचं. वा! पेपर मिलमध्ये एकतीस वर्षं हाडं झिजवली ती हे बघायला? 'आमच्या गल्लीत नको' अशा चाळीस पाट्या छापून घेतल्या. पहिली माझ्या हिरवळीवर.

७ मार्च
छत्तीस सह्या! समोरची ओडेट सही देईना. रिटायर्ड नर्स, जिभेला हाड नाही. म्हणाली, लॉर्न, आधी स्वतःच्या घरात बघ. बघितलं. घर लख्ख आहे. फक्त चमचे कमी होताहेत. आमची मार्नी म्हणते, बाबा, डिशवॉशर खातो.

१० मार्च
डिशवॉशरवाला येऊन गेला. म्हणे मशीनमध्ये काही बिघाड नाही. नालायक.
मार्नी छपराच्या कामावर पडली तेव्हापासून पोरीची पाठ सुधारतच नाही. बाथरूममध्ये पाऊण तास. आईवर गेलीय. घरातसुद्धा स्वेटर काढत नाही. अशक्तपणा, दुसरं काय! ठराव: रोज कलेजी.

१४ मार्च, दुपार
आमच्या केंद्रविरोधी समितीची मीटिंग माझ्याकडे. नानायमो बार, म्हणजे चॉकलेटच्या वड्या, केल्या होत्या. पाहुण्यांचे कोट टांगताना मार्नीच्या कोटाच्या खिशात काळी, झिपवाली पेटी सापडली. नशा जास्त झालेल्याला शुद्धीवर आणायचं औषध, केमिस्टकडे फुकट मिळतं ते. समितीनं बघितलं असतं तर? कचऱ्यात टाकली.
मार्नी म्हणाली, मैत्रिणीची होती. मी म्हटलं, मैत्रीण बदल. ती मग म्हणाली, बाबा, ते केंद्र होऊ दिलंत तर बरं होईल. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. कलेजी करपत होती.

१९ मार्च
काल दुपारी परिषदेत प्रत्येकाला पाच मिनिटं होती. माझं भाषण चार मिनिटं पन्नास सेकंदांत संपलं. लोक उभे राहिले. केंद्र सहाविरुद्ध एक मतानं फेटाळलं. जिंकलो.
घरी आलो तर बाथरूमला आतून कडी. हाका मारल्या. दार फोडलं. मार्नी फरशीवर, ओठ निळे. पेटी कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेलेली. रस्त्यावर जाऊन बोंबललो. ओडेट सपाता घालूनच आली, स्वतःची पेटी घेऊन. दोन डोस दिले तेव्हा पोरीनं श्वास घेतला.
बेसिनवर सुईशेजारी आमचा चमचा होता, बुडाशी जळून काळा पडलेला.

३० मार्च
व्यसनमुक्ती केंद्रात नंबर अकरा आठवड्यांनी. मार्नी म्हणते, तोवर सुई सोडणं जमणार नाही, बाबा, खोटं कशाला बोलू. म्हणून ठरलंय: बाथरूमला कडी लावायची नाही. मी बाहेर स्टुलावर, मांडीवर नवी काळी पेटी. दर मिनिटाला टकटक करायची. आतून ती म्हणते, आहे, बाबा. आवाज यायला जरा उशीर झाला की मी पेटीची झिप उघडतो.
ओडेटनं येऊन बघितलं. म्हणाली, बरोबर करतोयस, तू होऊ दिलं नाहीस त्या केंद्रात हेच झालं असतं.
पाटी अजून हिरवळीवर आहे. काढायचीय. पण दारापासून उठता येत नाही.