आईची सकाळची गोळी

ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, पोरांना पापा. काळजीचं काही नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून घाबरशील.

माझं रक्त तपासलं. थायरॉइडचा टीएसएच सहा निघाला, हवा साडेचारच्या आत. टी-फोर मात्र नॉर्मल आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता गोळी नको. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, कधी कधी आपोआप खाली येतो."

मी विचारलं, "मग मला एका जागी बसवत नाही, ते कशानं?" कालच दुकानात एकाच पँटची दुमड मी तीनदा उसवली. शिंपीकाका म्हणाले, "अगं, त्या पँटनं तुझं काय घोडं मारलंय?"

बाई म्हणाल्या, "एवढ्याशा आकड्यानं तसं होत नाही. घरात काही झालंय का?" मी म्हटलं, आई गेली, चार महिने झाले.

"त्यांना थायरॉइड होता?"

मला सांगता आलं नाही, ताई. उठल्या उठल्या ती एक बारीक गोळी घ्यायची आणि मग चहासाठी अर्धा तास थांबायची, एवढंच आठवतं. गोळी कशाची, हे मी कधी विचारलंच नाही. तुला माहीत आहे का?

नसेल तर डॉक्टरांची जुनी चिठ्ठी तुझ्याकडच्या तिच्या कपाटात असेल. ते तू अजून उघडलं नाहीस, ठाऊक आहे मला. घाई नाही, दोन महिने आहेत. पण उघडशील तेव्हा मला फोन लाव आणि चालूच ठेव. बोललंच पाहिजे असं नाही.

तुझी,
धाकटी