रेघेबाहेरचा पाय

कलाआत्या,
जय भीम.

आज मोताळ्यात कबड्डीची फायनल आम्ही एका गुणानं जिंकलो. शेवटची चढाई माही होती. पेपरवाल्यानं विचारलं, "तुमची आदर्श खेळाडू कोण?" मी तुहं नाव सांगितलं. धामणगावच्या फायनलमध्ये तुहा पाय रेघेबाहेर गेला, पंचांले दिसला नाही, तरी तू स्वतःच हात वर करून बाद झाली, तेही सांगितलं. टीम हरली म्हणून लोक तुले शिव्या देत होते, आणि आठ वर्षांच्या मले तुह्यासारखंच व्हायचं होतं.

आत्या, आज माहाही पाय बाहेर गेला होता. पंचांले दिसला नाही. मी चूप राह्यली.

उद्या पेपरात माह्या फोटोखाली तुहं नाव येईन. तू तो साऱ्या गल्लीले दाखवशीन. मले ते सहन होणार नाही, म्हणून आत्ताच पंचांले फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "घरी ये, पण कॅप्टनले संगं आण."

आमची कॅप्टन सुचिता ऐकून रडली. आता ती माह्याशी बोलून नाही राह्यली, पण चपला घालून दारात उभी आहे.

हे पत्र धाडत नाही. तुले तोंडानंच सांगीन.

तुही,
दीपमाला