दार लगेच उघडायचं नसतं

व्हॅलेंटाइन, नेब्रास्का
१८ नोव्हेंबर २००१

ती. ओर्तेन्सियाताईस,
निकानोरचा सा. न. वि. वि.

आई ठीक आहे. तुझ्या तीन जिन्यांपेक्षा इथं तिच्या गुडघ्यांना आराम आहे. एल्वियाला सातवा महिना लागला. आई घरात असते म्हणून मी गुरांकडे निर्धास्त जातो. तू तिला पाठवलंस, हे उपकार विसरणार नाही.

पण आता तिनं अट घातली आहे. नाताळाआधी पोसादा झाली नाही, तर मला तुझ्याकडे लेक्सिंग्टनला पोचव, म्हणते. तिचंही खरं आहे. येशूच्या आईबापांच्या, मारिया-होसेच्या मूर्ती घेऊन रात्रीपुरती जागा मागत कुणाच्या दारी जायचं? आतून गाऊन नाही कोण म्हणणार, आणि शेवटी उघडणार कोण? इथं आपलं घर एकच, आणि शेजार तीन मैलांवर.

तिकडून कुणी येईल का? लोभ आहे, तो राहू दे.

तुझा,
निकानोर

लेक्सिंग्टन
२ डिसेंबर

चि. निकानोर यास अनेक आशीर्वाद.

पेपरात जनगणनेचा नकाशा आला होता. जिथं आपले लोक जास्त, ती काउंटी गडद. आमची डॉसन गडद आहे, चारांत एक माणूस आपला. तुझी चेरी एवढी ऐसपैस, आणि कोरी. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात दाखवला, तर सोबत काम करणारी चायो म्हणाली, तुझा भाऊ गाईंशीच स्पॅनिश बोलत असणार.

नाताळापर्यंत इथं कुणालाच रजा नाही. आई आली तर माझीच आहे. पण कामावर माझी दुसरी पाळी. संध्याकाळभर ती एकटी खिडकीत बसेल. ये म्हणवत नाही आणि नको म्हणायची छाती नाही.

तीन मैलांवरच्या त्या शेजारणीला विचारून बघ ना, वेड्या. नाही म्हणायला कुठं स्पॅनिश लागते?

एल्वियाला जप. आठवण ठेव.

तुझी,
ओर्तेन्सिया

व्हॅलेंटाइन
९ जानेवारी २००२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. शेजारीण अर्लीनबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. त्यांना नीट समजावलं, की आम्ही बाहेरून गाऊ, तुम्ही दोनदा नाही म्हणायचं, मगच उघडायचं. त्यांनी मान डोलावली.

तेवीस तारखेला संध्याकाळी गेलो. बर्फ भुरभुरत होतं. मूर्ती आईच्या हातात, एल्विया माझा कोट घालून. आईनं पहिली ओळ उचलली. ती पुरी व्हायच्या आत दार सताड उघडं. अर्लीनबाईंचे डोळे भरलेले. म्हणाल्या, पोटुशी पोर बर्फात उभी आहे आणि मी नाही म्हणू? मला नाही जमायचं, बाबा.

आई उंबऱ्यापाशी थबकली. मला वाटलं, मोडली पोसादा, आता हिचं सामान बांधायचं. मग ती हळूच म्हणाली, साठ वर्षं हे गाणं गातेय, इतक्या लवकर कुणी आत घेतलं नव्हतं.

आत बटाट्याचं सूप होतं. मक्याच्या सालीत वाफवलेले आमचे तामाले त्यांनी सालीसकट चावले. आई इतकी हसली, की खुर्ची धरावी लागली.

आता दर गुरुवारी अर्लीनबाई गाडी घेऊन येतात आणि आईला नेतात. आई त्यांना नकार शिकवते. बाहेर उभी राहून गाते. अर्लीनबाई आतून दोन शब्द म्हणतात आणि दार उघडून कॉफी ओततात.

परवा मी आईला लेक्सिंग्टनचं विचारलं. ती म्हणाली, ही बाई शिकेपर्यंत मला हलता येत नाही, आणि बाई फारच मंद आहे.

आमच्या सगळ्यांच्या वतीनं तिकडच्या देवळात अर्लीनबाईंच्या नावे एक मेणबत्ती लाव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
निकानोर