तात्पुरत्या जागेतली दहा वर्षं

११ मार्च

इतिहास मलाच लिहायचा आहे. देसाईसाहेबांनी, आमच्या प्रिन्सिपॉलांनी, चहा मागवून सांगितलं. चहा मागवला तेव्हाच ओळखलं. "हेमराजभाई, तमे इतिहासना माणस. दस वरसनो इतिहास, चार पानां, बस." पलसाण्याला हायवेवर कॉलेजची सरकारी इमारत तयार झाली. उद्घाटनाला पुस्तिका काढायची. जूनपासून लिंबायत सोडून वीस किलोमीटर लांब जायचं.

१४ मार्च

सुरुवात केली. 'सन २०१५ मध्ये महाविद्यालय लिंबायत येथील प्राथमिक शाळेत, तात्पुरत्या जागेत सुरू झाले.' पुढचं वाक्य सुचेना. तात्पुरतंच चालू आहे अजून. सकाळी पहिली-दुसरीची पोरं, दुपारी आम्ही, त्याच बाकांवर. बी.ए.चे गडी गुडघे हनुवटीला लावून बसतात. मी फ्रेंच राज्यक्रांती शिकवतो, मागे भिंतीवर कमळ आणि त्याखाली क.

१८ मार्च

तिसऱ्या वर्षी मायक्रोस्कोप आले. आम्ही आर्ट्स कॉलेज! परत न्या म्हणून लिहिलं, उत्तर आलं नाही. स्टाफरूममध्ये खुर्ची कमी पडली की त्याच खोक्यांवर बसतो. साहेब म्हणाले, हे इतिहासात नको.

मग काय लिहू?

२२ मार्च

योगिता पुढच्या वर्षी येणार नाही म्हणाली. एस.वाय.ची. लग्नानंतर शिकायला आलेली. पुढचा धडा घरून वाचून येते आणि वर्गात माझी चूक काढते. दहा वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नाही, आणि आता एक वर्ष राहिलं असताना ही बसणार घरी.

संध्याकाळी तिच्या सासूला भेटायला गेलो. प्रमिलाबाईंनी पाणी दिलं, गॅलरीत नेलं. "सर, आठून माले कॉलेजनं गेट दिखस. म्हनीसन तिले धाडस. पलसाना मी कसं देखू?" गॅलरीतून गेट दिसतं, म्हणून सुनेला पाठवतात.

नवरा योगराज लूमवरून आला, दमलेला, कापूस केसांत. आई म्हणते ते बरोबर, म्हणाला. काही बोललाच नाही म्हणायला हरकत नाही.

खरं तर अशा पंधरावीस मुली आहेत. चालत येतात, चालत जातात, म्हणून येतात. पलसाण्याला एकही जाणार नाही. साहेबांना सांगितलं. "हॉस्टेल बनशे." कधी? "बनशे."

२ एप्रिल

तारीख ठरली. तीस एप्रिल, अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. साहेब खूश. वणजोयुं मुहूर्त, म्हणाले, पंचांग बघायलाच नको. गांधीनगरहून मोठे साहेब येणार, सगळे विद्यार्थी हजर पाहिजेत.

त्यांची अखात्रीज म्हणजे सोन्याची खरेदी. आमच्या अमळनेरकडच्या लोकांची तीच आखाजी, म्हणजे लिंबायत रिकामं. सुना माहेरी झोके घ्यायला, पोरं गावाला पत्ते कुटायला, आणि सासवा आपल्या लेकींची वाट बघत. गावाकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दहा वर्षं कॉलेज चालवलं आणि साहेबांना हे ठाऊक नाही!

मी म्हणालो, छान दिवस आहे.

३ एप्रिल

बायकोने, ताराने, विचारलं, "आखाजीचं सांगितलं का साहेबांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

तिने कॅलेंडरवर तीस तारखेला खूण केली. मग म्हणाली, "माझं अमळनेरचं तिकीट काढा."

२१ एप्रिल

'पाचव्या वर्षी कोरोना आला. महाविद्यालयाने ऑनलाइन शिक्षणाची यशस्वी अंमलबजावणी केली.' मुलींना फोन मिळायचा नवरा झोपला की. हे लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं.

३० एप्रिल

इमारत चांगली आहे. हे लिहून ठेवतो, उगाच खोटं कशाला. मोठ्या माणसांच्या मापाचे बाक. एका बाकावर बसून पाहिलं, पाय लांब झाले. मिनिटभर वाईट वाटलं.

मांडव, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, आणि त्यांवर आम्ही सात प्राध्यापक, मंडपवाल्याचे कामगार आणि एक कुत्रं. मोठ्या साहेबांनी दोनदा इकडेतिकडे पाहिलं. "विद्यार्थीओ क्यां छे?"

देसाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"माहेरी," मी म्हणालो.

जेवण भरपूर उरलं. मी दोन डबे आणले.

१९ मे

हुकूम आला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नसल्याने इमारत दुसऱ्या खात्याच्या प्रशिक्षण केंद्राला. महाविद्यालय पुढील आदेशापर्यंत सध्याच्या तात्पुरत्या जागेतच चालू ठेवावे.

साहेब दिवसभर केबिनमधून बाहेर आले नाहीत. त्यांचं रिटायरमेंट नव्या केबिनमधून व्हायचं होतं. वाईट वाटलं मला, पण येताना जिलेबी घेऊन आलो. गेट आहे तिथंच राहणार! पुस्तिकेचं पहिलं वाक्य बदलायची गरज उरली नाही.

९ जून

कॉलेज उघडलं. योगिता आली, पेढे घेऊन. योगराजला पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये नोकरी लागली, मालकाने खोली दिली, सगळे तिकडेच राहायला जातात.

"सासूबाई बघून आल्या, सर. गॅलरीतून नव्या कॉलेजचं गेट दिसतं. त्याच म्हणाल्या, जा, ॲडमिशनचं विचारून ये."